सवलतीचा मानकरी

सवलतीचा मानकरी हा झाडीपट्टीच्या नाट्यहंगामात तिकिटाच्या टेबलापाशी आढळणारा, साधारण पंचेचाळीस ते साठ वयाचा प्रेक्षक आहे. पूर्ण तिकीट काढण्याची ऐपत असणे हे त्याचे पहिले लक्षण. ते का काढू नये याचे कारण घरूनच तयार करून आणणे हे दुसरे. गरिबीशी त्याचा संबंध नसतो. त्याच्या घरी ट्रॅक्टर असू शकतो, आणि पुष्कळदा त्याच ट्रॅक्टरवर बसून तो नाटकाला आलेला असतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतला जंगलाचा व धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. आताच्या भंडारा जिल्ह्यात साकोली, लाखनी, लाखांदूर या तालुक्यांत मानकऱ्याचा वावर दाट आहे. धान घरात येते, हातात चार पैसे खुळखुळतात आणि भाऊबीजेपासून होळीच्या सुमारापर्यंत गावोगावी नाटके लागतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक ही इथली जुनी रीत. पटाला आलेल्या एवढ्या पाहुण्यांना रात्री निजवायचे कुठे, हा यजमानापुढचा प्रश्न नाटक परस्पर सोडवते, कारण ते पहाटेपर्यंत चालते. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने पट थांबले आणि १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशाने पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात बैल गोठ्यात राहिले, पण नाटके लागत होती आणि मानकरीही येत होता.

त्याला समजून घ्यायचे तर नाटकाचा हिशोब माहीत हवा. नाटक कंपन्यांची कार्यालये मुख्यतः वडशाला, म्हणजे लाखांदूर तालुका ओलांडला की पलीकडे. गावातल्या मंडळाची पोरे वडशाला जाऊन नाटक आणि तारीख ठरवतात, इसार देतात आणि उरलेली ठरीव रक्कम प्रयोगाच्या वेळी मोजतात. मंडप भरला किंवा रिकामा राहिला, कंपनीला फरक पडत नाही. तिकिटाचा नफा मंडळाचा आणि तोटाही मंडळाचाच. तेव्हा प्रत्येक अर्धे तिकीट हे नाटकवाल्यांच्या नव्हे, तर गावातल्याच दहा-बारा पोरांच्या खिशातून जाते. मानकऱ्याला हे पक्के ठाऊक असते, कारण त्या पोरांत त्याचा पुतण्या असतो.

तिकीट विकायची जागा म्हणजे तट्ट्याच्या आडोशाला लावलेले शाळेतले टेबल, त्यावर पत्र्याची पेटी, रंगीत तिकिटांचे दोन गठ्ठे आणि मागे कानटोपी घातलेली दोन पोरे. एक गठ्ठा खुर्चीचा, दुसरा खाली तणसावर बसायचा. मानकरी रांगेत उभा राहत नाही; तो टेबलाच्या बाजूने उगवतो. सुरुवात कधीही पैशाने होत नाही. "ओरखलं नाई का जी मले?" हे पहिले वाक्य. पोरगा "या काका" म्हणाला की अर्धे काम झाले. मग थंडीची चौकशी, धानाच्या भावाची चौकशी, पोराच्या बापाच्या गुडघ्याची चौकशी. एवढ्यात मागची रांग कुरकुरू लागते आणि त्या कुरकुरीच्या जोरावर तो मूळ मुद्द्याला हात घालतो: "पाच जन आहोन, तीन तिकिटा फाड."

हक्काच्या आधारावरून मानकऱ्यांचे काही प्रकार पडतात. पहिला वर्गणीदार. त्याने गणपतीला एक्कावन्न रुपये दिलेले असतात आणि ते होळीपर्यंत सर्व कार्यक्रमांना पुरावेत अशी त्याची अपेक्षा असते. दुसरा जागेवाला. मंडपाची एक खुंटी त्याच्या बांधीच्या धुऱ्यात ठोकलेली असते. त्या खुंटीच्या बदल्यात त्याला खुर्ची हवी असते. तिसरा वीजवाला, ज्याच्या कवेलूंवरून स्पीकरची तार गेली आहे. चौथा माजी कलावंत. तरुणपणी दंडारीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, नाचलेला किंवा एखाद्या ऐतिहासिक नाटकात भाला धरून उभा राहिलेला हा गृहस्थ कलाकाराने कलाकाराकडून पैसे घेऊ नयेत असे मानतो. गडचिरोली जिल्ह्यातले विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून "परशुरामभाऊले मी तवापासून ओरखतो" एवढाही आधार त्याला पुरतो.

पाचवा आणि सर्वांत अवघड प्रकार जावई. हंगामात पाहुण्यांची तिकिटे यजमानाने काढायची असतात. घरात लेकी-जावई, साळे-मेहुणे, मुलगी पाहायला आलेली मंडळी अशी गर्दी असली की यजमानाची अवस्था धान विकले त्याच दिवशी कर्जवसुलीवाला दारात यावा तशी होते. मग तो जावयाला पुढे करतो. जावई एका घरचा नसून गावाचा असतो, म्हणून गावाने त्याचा मान राखावा, असा युक्तिवाद होतो. लग्नाला वीस वर्षे झाली तरी या मानाला मुदत नाही. पुढच्या सोफ्यावर मोफत बसणारे पदाधिकारी मात्र या वर्गात मोडत नाहीत. ते सवलत मागत नाहीत. उद्घाटनाची भाषणे करून नाटकालाच तासभर उशीर करतात.

अलीकडे मानकरी कायद्याचाही दाखला देऊ लागला आहे, आणि हे एसटीचे देणे आहे. महामंडळाच्या बसमध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, पासष्टच्या पुढे अर्धे तिकीट आहे आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मी सवलत आहे. त्यामुळे तो बायकोला पुढे आणि आईला तिच्याही पुढे उभे करून विचारतो, "एसटीत अर्धी लागते, मंग अती काऊन नाई?" एसटीला सवलतीची भरपाई सरकार करते, मंडळाला ती कोणी करत नाही, हा फरक तो कानाआड करतो. सरकारने नाटकाला काहीच दिले नाही असेही नाही. नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. म्हणजे तणसावर बसणाऱ्यापासून खुर्चीवाल्यापर्यंत सगळ्यांना ही सूट आधीच मिळालेली असते. पण न मागता मिळालेली आणि सगळ्यांना मिळालेली सवलत मानकऱ्याच्या लेखी सवलतच नव्हे.

सवलत कोणाला द्यावी, हा प्रश्न जुना आहे. प्राचीन अथेन्समध्ये नागरिकांना नाटक पाहता यावे म्हणून सरकारी निधीतून पैसे वाटले जात. त्या निधीला थेओरिकोन म्हणत. तिथली कसोटी नागरिकत्वाची होती. न्यूयॉर्कला १९७३ पासून टाइम्स स्क्वेअरमध्ये त्याच दिवशीच्या प्रयोगांची न विकलेली तिकिटे सवलतीत विकणारी खिडकी आहे. तिथली कसोटी रांगेत उभे राहण्याची. मानकरी अथेन्समध्ये सहज उत्तीर्ण झाला असता. न्यूयॉर्कला तो पहिल्याच पायरीवर बाद होईल.

आत शिरल्यानंतरचे त्याचे वर्तन पाहिले की सगळा उलगडा होतो. तणसाचे तिकीट काढून तो खुर्चीत बसतो. अंक पडताच वाचवलेले पैसे चहा, भजी आणि खर्ऱ्यावर खर्च करतो, तेही चौघांना पाजून आणि खिलवून. मग एखादी लावणी रंगते किंवा विनोदी नट हशा वसूल करतो, आणि हाच गृहस्थ उठून तिकिटाच्या दुपटीने बक्षीस देतो. माइकवरून त्याचे नाव, बापाचे नाव आणि गाव पुकारले जाते. तो पुन्हा खाली बसतो तो दोन इंच उंच होऊन. त्याची भूक पैशाची नसते. आपल्याला गावात कोण विचारतो, हे त्याला चारचौघांत सिद्ध करायचे असते. अर्धे तिकीट हा त्याचा एक पुरावा आणि बक्षीस हा दुसरा.

सवलतीला खरोखर कोण पात्र, याचे उत्तर फार अवघड नाही. रोजीवर धान कापणाऱ्या बाया, शाळेतली पोरे, चालता येत नसूनही काठी टेकत आलेली म्हातारी माणसे, अपंग, आणि जुन्या दंडारीतला तो कलावंत ज्याला आता कोणी बोलावत नाही. अडचण अशी की ही मंडळी मागत नाहीत. मजूर बाई पदराची गाठ सोडते, घडी घातलेल्या नोटा मोजून टेबलावर ठेवते आणि पोराला कडेवर घेऊन आत जाते. म्हणून जो मागत नाही त्यालाच सवलत द्यावी, हा नियम न्याय्य ठरतो. पण तो जाहीर करता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी मानकरी टेबलापाशी मौन धरून उभा राहील.

मंडळाला परवडणारा उपाय एकच. अर्ध्या तिकिटांचा निराळा गठ्ठा करावा आणि मजूर, पोरे, म्हातारे दिसले की पोरांनी आपणहून त्यातले तिकीट फाडावे. मानकऱ्याला मात्र पूर्ण तिकीट द्यावे आणि ते काढणाऱ्याचे नाव, बापाचे नाव व गाव पडदा उघडण्याआधी माइकवरून पुकारावे. या अटीवर तो पाच जणांची पाचही तिकिटे खुर्चीची काढतो, आणि नाव नीट ऐकू आले नाही तर सहावे काढून पुन्हा पुकारायला लावतो.