काकाजींची धुलाई

टाकून देण्यासारखी वस्तू जगात एकही नाही, अशी काकाजींची खात्री आहे. त्यांच्या लेखी वस्तू दोनच प्रकारच्या : धुतलेल्या आणि धुवायच्या राहिलेल्या. दुधाच्या पिशव्या तर कामठीत कोणीही धुतं. काकाजी कूलरच्या ताट्या धुतात. उन्हाळा तोंडावर आला की सारं नागपूर जुन्या ताट्या फेकून नव्या बसवतं. काकाजी त्याच ताट्या नळाखाली धरतात, गच्चीवर वाळवतात, उलट्या करून बसवतात आणि "हवा पहिलेपेक्षा मस्त येऊन राहिली" असं म्हणत मे महिनाभर घाम पुसतात. करोनात त्यांनी एन-95 मास्क साबणानं खसाखसा धुतला, वरून इस्त्री फिरवली आणि तोच महिनाभर लावला. त्या मास्कच्या धाग्यांवर विजेचा भार असतो, बारीक कण तोच ओढून धरतो आणि साबणाच्या पाण्यात तो निघून जातो, हे त्यांना सांगायची सोय नव्हती. विजेबद्दल काकाजींना कोणी शिकवायचं नसतं. कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये, स्टोअरला, नोकरी काढून ते रिटायर झाले आहेत.

अशा माणसाच्या पदरी एमएच-31 नंबरची, 1998 सालची, कार्ब्युरेटरवाली मारुती 800 पडली आहे. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नेऊन त्यांनी तिचं आयुष्य पाच वर्षांनी वाढवून घेतलं. पुढं पुन्हा पाच. मग पुन्हा पाच. दर वेळी पर्यावरण कर भरावा लागतो. ती पावती ते जपून ठेवतात आणि कोणी एअर फिल्टरचा विषय काढला की पुढं करतात. "सरकारले पर्यावरणाचे पैसे देल्ले ना मी? मंग फिल्टर कायले बदलवू?"

आता कामठीची हवा कशी, ते कामठीकराला सांगायला नको. एका अंगाला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं व त्यांची राख, दुसऱ्या अंगाला वेकोलिच्या कोळसा खाणी, मधल्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक आणि कन्हानची रेती. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला साधारण 9,000 लिटर हवा लागते. म्हणजे टाकी भरून रामटेकला जाऊन येणारी गाडी वाटेत किती कामठी पोटात घेत असेल, याचा अंदाज करावा. त्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते इंजिनाच्या ओतीव लोखंडाहून कठीण असतात. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड. पिस्टनच्या रिंगा घासायला 10-20 मायक्रॉनचा कणही पुरतो. रिंगा घासल्या की गाडी ऑईल प्यायला लागते आणि मागून निळा धूर निघतो. हे सगळं अडवायला मध्ये उभा असतो तो राळेत भिजवून घड्या घातलेला कागद. किंमत दोनशे रुपये.

काकाजींनी तो कागद धुतला.

बॉनेट उघडलं, गोल डब्याचं झाकण काढलं, फिल्टर बाहेर घेतला. आधी ओट्याच्या कडेवर धाडधाड आपटला. हे आपटणं कोराडीचं. तिथे चिमणीच्या अलीकडे राख पकडायचे पत्रे असतात. राख विजेच्या जोरावर त्यांना चिकटते आणि वरून हातोडे पडले की खाली झडते. "चिमणीची राख आपटून झडते, मंग याची काऊन नाई झडन?" पत्रा लोखंडाचा असतो आणि फिल्टर कागदाचा, हा फरक त्यांना किरकोळ वाटला. मग बादलीत कपड्याची पावडर कालवून फिल्टर तासभर भिजत घातला, दाताच्या जुन्या ब्रशनं एकेक घडी घासली आणि काकूंच्या लुगड्याशेजारी चिमटे लावून तारेवर टांगला. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दुपारपर्यंत त्याचा पापड झाला. फुगलेल्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, काही उकलल्या होत्या. काकाजींनी तो सूर्यासमोर धरला. "पाहा, कसा साफ झाला. उजेड आरपार येऊन राहिला!"

फिल्टरच्या आत बल्ब धरून पाहायची रीत गॅरेजात खरीच आहे. पण ती भोकं शोधायला. बारीक टिपके चमकले की फिल्टर फेकायचा. आमच्या मिस्त्रीनं तो हातात घेतला, एकदा काकाजींकडे पाहिलं आणि अदबीनं म्हणाला, "काकाजी, जिथून उजेड येते ना, तिथून कामठीबी येते."

मिस्त्रीनं त्यांना आणखीही समजावून पाहिलं. नव्या इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर चोंदला तर कॉम्प्युटर पेट्रोल कमी करून सांभाळून घेतो. ओढ कमी होते, ॲव्हरेज फारसं पडत नाही. कार्ब्युरेटरला तेवढी अक्कल नसते. हवा कमी आणि पेट्रोल जास्त झालं की काळा धूर. काकाजींनी ऐकून घेतलं आणि यातून सोयीचं तेवढं उचललं. आता पीयूसीला जाताना ते फिल्टर काढून डिकीत टाकतात, कागद पास करून घेतात आणि बाहेर येऊन पुन्हा बसवतात.

हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं कुठून? लोकांना वाटतं कंजूषपणातून. तसं नाही. कामठी ही 1821 पासूनची लष्करी छावणी. छावणीच्या गावात मिलिटरी डिस्पोजलची जीप कोणा ना कोणाच्या दारात उभी असायचीच. काकाजींच्या मामाकडेही होती. तिचा फिल्टर कागदाचा नव्हताच. खाली तेलाची वाटी. हवा वरून जोरात येते, तेलावर आदळून एकदम वर वळते. जड धुळीला ते वळण साधत नाही, ती तेलात बसते. दर आठवड्याला वाटी काढायची, गाळ ओतायचा, जाळी रॉकेलनं धुवायची, खुणेपर्यंत नवं ऑईल भरायचं. लहानपणी हे काम काकाजींकडे होतं आणि ते त्यांनी अगदी मनापासून केलं. पुढं स्कूटरच्या जाळ्या, फटफटीचे फोमचे फिल्टर, सगळे धुऊन, ऑईल लावून परत बसवायचेच होते. धुण्याची विद्या खरी होती. इंजिनं बदलली, फिल्टर कागदाचे झाले, काकाजी बादलीपाशीच राहिले.

शेवटी पुण्याच्या पोरानं वैतागून वाढदिवसाला धुऊन वापरायचा फिल्टर पाठवला. कॅलिफोर्नियात 1969 साली मोटारसायकलींच्या शर्यतीतल्या दोघांनी के अँड एन कंपनी काढली आणि पुढे ज्या प्रकाराला जगभर नाव मिळालं, त्या प्रकारचा. तारेच्या जाळीत कापसाचं सैल कापड, त्याला लाल तेल. काकाजी हरखले. "कापूस हाये! कापूस म्हणजे आपला. विदर्भाच्या माणसाले कापूस धुवाले अमेरिकेनं शिकवू नये."

म्हणून त्यांनी सोबतचा कागद वाचला नाही. त्यात लिहिलं होतं : खास क्लीनर वापरा, सावलीत वाळवा, खास तेल अगदी हलकं लावा. काकाजींनी धुण्याची पावडर वापरली, कडक उन्हात वाळवला आणि तेल लावलं घरचं, जवसाचं. सढळ हातानं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. म्हणून तर दारं-खिडक्यांच्या पॉलिशला ते चालतं. आठ दिवसांत फिल्टरवर पिवळट, चकचकीत, टणक साय धरली. कन्हानच्या पुलाच्या अलीकडे गाडीनं काळा धूर ओकला, चार आचके दिले आणि बसली. मिस्त्रीनं डबा उघडून फिल्टरवर नख वाजवलं. टिक-टिक आवाज आला. "पॉलिश मस्त बसली, काकाजी. आता याले हॉलमंधी ठेवा."

हिशेब काकूंनी केला. पोराच्या खोक्यातली पावती त्यांच्या हाती लागली होती : फिल्टर 4,500, क्लीनर आणि तेलाचा संच 1,500. गाडी फिरते वर्षाला 2,000 किलोमीटर : कोराडीची देवी, रामटेक आणि नागपुरातली लग्नं. कागदाचा फिल्टर दरसाल बदलला तरी दोनशे रुपये. "म्हणजे तीस वर्षांनी पैसे वसूल. तुम्ही आता अडुसष्टचे. अठ्ठ्याण्णवचे झाले की फायदा सुरू होईल. तोवर गाडीचं पासिंग सहा वेळा करा."

काकाजींनी क्षणभर विचार केला. "गाडी टिकन," ते म्हणाले.

धुवायच्या फिल्टरची बाजूही न्यायानं मांडली पाहिजे. वर्षाला तीस-चाळीस हजार किलोमीटर पळणारा, किंवा ज्याच्या जुन्या गाडीला कागदाचा फिल्टर बाजारात मिळतच नाही, असा माणूस तो जरूर घेवो; पण कंपनीच्या तेलासह आणि कंपनीच्या संयमासह. इंजेक्शनच्या गाडीत ते तेल जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसू शकतं. कार्ब्युरेटरच्या गाडीला तो सेन्सरच नसतो, हा एक फायदा. मात्र हवा मोकळी सोडण्यात तो सरस असला तरी बारीक धूळ अडवण्यात कागद सहसा वरचढ ठरतो. 800 सीसीच्या म्हाताऱ्या गाडीला मोकळ्या हवेची शर्यत जिंकायची नसते, तिला पुढच्या पासिंगपर्यंत जगायचं असतं.

तेव्हा कामठी-कोराडीच्या धुळीत जुनी गाडी चालवणाऱ्यांनी कागदाचाच फिल्टर घालावा, दर दोन-तीन महिन्यांनी काढून पाहावा, हलक्या हातानं झटकावा आणि मळला की दोनशे रुपये सोडावेत. पाणी लावू नये, साबण लावू नये, कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नये. फोमचा किंवा तेलाच्या वाटीचा असेल तर मात्र खुशाल धुवा. आणि तो कसा धुवायचा हे शिकायचं असेल तर काकाजींकडे जा. त्यांच्याएवढा जाणकार कामठीत दुसरा नाही. फक्त जाताना आपला नवा कागदी फिल्टर घरी ठेवून जा.