टॅब्लेट्स आयपी

मेडिकलवाल्याच्या काउंटरवर एक कात्री असते. दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या मागितल्या की तो ती अशा हिशेबाने चालवतो, की औषधाचं नाव त्याच्याकडे राहावं आणि गोळ्या आपल्याकडे याव्यात. नाव दुकानात, गोळी घरात. पुढे महिन्याभराने डब्यात सापडलेल्या त्या निनावी गोळीचं कुळ-गोत्र शोधायचं काम कुणाचं? घराण्यातली जी मुलगी किंवा सून नर्स असेल, तिचं.

आमच्याकडे हा मान सौ.चा आहे. ती सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आणि मी तिचा बिनपगारी रिसेप्शनिस्ट. तिचा फोन बंद असला की माझा वाजतो.

‘सूनबाई झोपल्यात का रे?’

‘हो. नाईट करून आल्यात.’

‘मग मुळीच उठवू नकोस. एक फोटो पाठवलाय, तेवढा फक्त उठवून दाखव.’

फोटो कायम एकच असतो. जेवणाच्या टेबलावरचं फुलाफुलांचं प्लास्टिक, त्यावर पट्टीचा तुकडा, तुकड्याच्या बरोबर मधोमध ट्यूबलाइटचा पांढराशुभ्र लोळ आणि कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा. अंगठ्याखाली एक्स्पायरीची तारीख. नाव कापलेलं, तारीख झाकलेली, उरलं काय तर ‘टॅब्लेट्स आयपी’. खाली प्रश्न: ‘ही आयपी कशावर असते?’

आता आयपी हे काही औषध नव्हे. इंडियन फार्माकोपिया नावाचा औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ आहे. त्यातल्या कसोटीला उतरणाऱ्या औषधाच्या नावापुढे ही अक्षरं छापतात. तापाची गोळी आयपी, शुगरची आयपी, जंतांचीही आयपी. सौ.ने हे फोनवर सांगितलं, लग्नाच्या मांडवात सांगितलं, एकदा तर बाराव्याच्या जेवणाला पानावर बसून सांगितलं. उपयोग शून्य. आमच्या नातेवाइकांत आयपी हे स्वतंत्र औषध म्हणून सुखाने नांदतं आहे. मावशीला आयपी लगेच लागू पडते. धाकट्या काकांना ती उष्ण पडते, म्हणून ते वरून सब्जा घेतात. बहिणीच्या जाऊबाई अर्धी आयपी सकाळी आणि अर्धी रात्री घेतात, कारण अख्खी घेतली की त्यांना गरगरतं. एका चुलतभावाने तर मेडिकलमध्ये जाऊन ‘दोन आयपी द्या’ अशी मागणी केली आणि दुकानदाराने त्याचा चेहरा पाहून, काही न विचारता, दोन गोळ्या दिल्या. त्याला गुण आला. आणि आत्याला आयपीची अॅलर्जी आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला भरती होताना तिने ती केसपेपरवर लिहून घ्यायला लावली आणि समोरच्या शिकाऊ डॉक्टरने ती लिहूनही घेतली. त्या केसपेपरप्रमाणे वागायचं, तर या देशात बनलेलं जवळजवळ कुठलंच औषध आत्याला देता येणार नाही. ऑपरेशन मात्र उत्तम झालं. आता तिला लांबचं स्पष्ट दिसतं, त्यामुळे फोटो वाढले आहेत.

कधी कात्री थोडी हुकते आणि नावाचं शेपूट उरतं. हे जास्त वाईट. उदाहरणार्थ, शेवटचं ‘झोल’ शाबूत असतं. पित्तावरचं पॅन्टोप्राझोल, आवेवरचं मेट्रोनिडाझोल, जंतांवरचं अल्बेंडाझोल, नायट्यावरचं इट्राकोनाझोल, चढलेल्या थायरॉइडवरचं कार्बिमाझोल आणि स्तनांच्या कर्करोगात देतात ते लेट्रोझोल, या सगळ्यांचं शेपूट एकच. पण शेजारच्या काकूंची पित्ताची गोळी झोलवाली असते, आपलीही झोलवाली आहे, आणि काल मिसळ खाल्ल्यापासून छातीत जळजळतंय. ‘म्हणजे घेऊ ना?’ हा प्रश्नसुद्धा बहुतेक वेळा गोळी घेऊन झाल्यावर येतो.

सरकारी पातळीवर प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून खपातल्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मोबाइल धरावा आणि औषधाचं नाव, बॅच, मुदत सगळं वाचावं. कात्री त्याच्याही मधून जाते. पट्टीच्या कडेला उभी लाल रेघ असते. तिचा अर्थ, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. काकांनी विचारलं होतं, ‘रेघेच्या बाजूच्या गोळ्या आधी संपवायच्या की नंतर?’ कात्रीच्या तावडीतून हमखास सुटणारी आणखी एक ओळ आहे: ‘मात्रा: डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे’. प्रत्येक फोटोत ती लख्ख दिसते. या ओळीचा फोटो काढून तो नर्सला पाठवणे, याला आमच्याकडे सेकंड ओपिनियन म्हणतात. फर्स्ट कुठे आहे ते विचारू नये.

सौ. म्हणते, ‘डॉक्टरांना दाखवा.’

‘ते दाखवूच गं. पण तुझं काय मत?’

‘हेच.’

‘बरं, बरं. तुला माहीत नसेल तर राहू दे.’

तिला काय माहीत असतं ते सांगतो. वॉर्डात डॉक्टरांची लेखी ऑर्डर नसेल, तर ती स्वतःच्या मनाने साधी तापाची गोळी देत नाही. रुग्ण तोच आहे ना, औषध तेच ना, मात्रा किती, कोणत्या मार्गाने, किती वाजता, या पाच गोष्टी पडताळल्याशिवाय तिचा हात पुढे होत नाही. पट्टीच्या तुकड्यासोबत यांतली एकच माहिती येते, ती म्हणजे रुग्ण कोण. तीही खरी असेलच असं नाही. ‘माझ्या एका मैत्रिणीला विचारायचं होतं’ या प्रस्तावनेने सुरू होणाऱ्या तक्रारी त्या मैत्रिणीच्या नसतात, हे सौ.ला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे.

दिवाळीच्या फराळाबरोबर निघणाऱ्या बीपीच्या मशीनबद्दल मी लिहिणार नाही. पाच मिनिटं शांत बसल्याशिवाय बीपी बघू नये, हे तीन जिने धावत चढून, चहा ढोसून, दंडाला पट्टा बांधून घेतलेल्या माणसाला सांगून बघा. त्याला आकड्याची पर्वा नसते, साडूपेक्षा कमी आला म्हणजे झालं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. मीही बराच काळ नेलं. पण आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी हल्लीच फोटो पाठवला आणि माझं डोकं फिरलं. कोरोनाच्या साथीत, २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता हेच गृहस्थ गॅलरीत उभे राहून पितळी परात बडवत होते, सौ.च्या नावाने. परात वाजवून हात दुखायचे थांबले नसतील, तोवर ते खाली गेटपाशी मला गाठून म्हणाले, ‘वहिनींनी लिफ्ट वापरू नये. शक्यतो काही दिवस दवाखान्यातच राहायला सांगा. सभासदांची भावना आहे.’ गावोगावच्या सभासदांची भावना तीच असणार, कारण बरोब्बर एका महिन्याने, २२ एप्रिलला, १८९७ च्या साथरोग कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करावी लागली: आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात टाकणं, त्यांना घरात येण्यापासून रोखणं, छळणं हा अजामीनपात्र गुन्हा. परातीपासून अजामीनपात्र गुन्ह्यापर्यंत एक महिना! सौ. जिन्याने चढली. पीपीई किटमध्ये घामाने थबथबलेली आठ तासांची ड्यूटी करून, चार मजले, रोज. आज त्याच लिफ्टमध्ये तिला अडवून सेक्रेटरी मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, ‘सिस्टर, ही आयपी मिसेसना चालेल का?’

आणि नातेवाईक तरी काय? लग्न ठरताना याच मंडळींनी माझ्या आईला विचारलं होतं, ‘नर्स कशाला करताय? रात्रीची ड्यूटी असते म्हणे. नोकरी सोडेल का?’ मुलगी रात्री घराबाहेर राहते याची तेव्हा ज्यांना लाज वाटत होती, त्यांना तिला रात्री अडीचला फोन करताना काहीच वाटत नाही. उलट सोयीचंच, जागी असतेच. जागी असते, हो. साध्या वॉर्डातसुद्धा सहा रुग्णांमागे एक नर्स हे कागदावरचं प्रमाण. प्रत्यक्षात चाळीस खाटा, दोन खाटांच्या मधल्या जमिनीवरचे वेगळे, आणि तेवढ्यांना मिळून दोन सिस्टर. त्यातली एक कंत्राटावरची, दर अकरा महिन्यांनी हातात नवा कागद मिळेल की नाही या चिंतेत. एकीचं सलाईन संपतंय, एकाची व्हेन सापडत नाही, एकाचे नातेवाईक आवाज चढवतायत, आणि खिशातला फोन थरथरतो: फुलाफुलांचं प्लास्टिक, ट्यूबलाइट, अंगठा.

आतोबांचा फोन अशाच एका रात्री आला. छातीत गॅस धरलाय, घाम सुटलाय, डब्यात एक पांढरी आयपी आहे, घेऊ का? सौ.ने गोळीचं नाव विचारलं नाही. डावा हात दुखतोय का, जबडा भरून आलाय का, एवढं विचारलं आणि म्हणाली, ‘आतोबा, आत्याबाईंना उठवा, गाडी काढा, आत्ता.’ आतोबांनी तिला समजावलं, की पोटात मुळा गेलाय. तिने आवाज चढवला. आतोबांनी फोन ठेवला, पांढरी घेतली, सकाळी दूध येऊ दिलं, भांडं आत ठेवलं आणि मग गेले. दोन स्टेंट पडले. भेटायला गेलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते, ‘डॉक्टर म्हणजे देवमाणूस. बघताक्षणी ओळखलंन!’ सौ. पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिच्याकडे लक्ष गेल्यावर आतोबा उदार झाले. ‘सूनबाईंनाही काहीतरी शंका आली होती म्हणे. पण ती काय, नर्स.’

घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदाच पाच अख्ख्या पट्ट्यांचा फोटो पाठवला. नावं शाबूत, तारखा शाबूत, अंगठा बाहेर. प्रश्न असा होता, की आता बरं वाटतंय, गोळ्या फार होतायत, तर यातल्या कुठल्या बंद करू? सौ.ने सविस्तर उत्तर लिहिलं: एकही नाही. रक्त पातळ राहण्याच्या दोन गोळ्या मनाने सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, डॉक्टर स्वतः सांगेपर्यंत एक दिवसही चुकवू नका.

दोन तासांनी आतोबांचा मला फोन आला. आवाज प्रसन्न होता.

‘सूनबाईंना सांग, त्यांचं अगदी बरोबर आहे. तो मेसेज मी मेडिकलवाल्याला दाखवून खात्री करून घेतली.’