ट्रॅकचं हेड कोणतं?

एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली मोठी सोज्वळ आहे. २०२० साली आलेल्या या नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआउट टाकायचं, तर १० टक्के जागा लोकांच्या विरंगुळ्यासाठी मोकळी सोडावी लागते. अमरावती-अकोल्यात ही ओपन स्पेस शोधायला नकाशा लागत नाही. नाल्याच्या कडेला, तिरप्या कोपऱ्यात, जिथं प्लॉट पाडूनही गिऱ्हाईक मिळालं नसतं, तिथं ती हमखास सापडते.

आता जागा मोकळी दिसली की वऱ्हाडी माणसाला करमत नाही. पहिल्या वर्षी तिथं एक ओटा येतो, दुसऱ्या वर्षी ओट्यावर टिनाचं शेड. तिसऱ्या वर्षी निवडणूक असेल तर ग्रीन जिम येतं, त्यावर पोरं झोके घेतात आणि बाया गोधड्या वाळवतात. एवढं होऊनही जागा उरलीच, तर तिच्याभोवती वॉकिंग ट्रॅक घालतात.

आमच्या लेआउटमध्ये ट्रॅकची टूम निघाली तेव्हा मी मोजमापाला आलेल्या साहेबांना सुचवलं, "मुरूम दाबून टाका, दोन्ही बाजूंनी कडुनिंब लावा. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना बरं."

साहेबांना माझी कीव आली. "काकाजी, निंबाची सावली मोजमापाच्या एमबीत कशी चढवाची? सकाळची मोजू का दुपारची? गट्टू कसे, एकदा मोजले का मोजले. बिल निंगते."

म्हणून सिमेंटचे गट्टू आले. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा सूर्य मावळल्यावरही हे गट्टू इमानेइतबारे तापलेले असतात. पण सगळे गट्टू एका पैशातून थोडेच येतात? आमदारांकडं वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, खासदारांकडंही ५ कोटींचा. शिवाय जिल्हा नियोजन समिती आहे, नगरोत्थान योजना आहे. आमच्या ट्रॅकनं कोणालाच नाराज केलं नाही. अर्धा घेर आमदार निधीचा, लाल गट्टूंचा. उरलेला खासदार निधीचा, पिवळ्या गट्टूंचा. दोघांची पातळी जुळली नाही, त्यामुळे मधे चांगली वीतभर पायरी झाली आहे. जोशात चालणारा नवखा माणूस तिथं दंडवत घालतो. जुने लोक गप्पा न थांबवता बरोब्बर पाय उचलतात. दोन्ही टोकांना फलक आहेत. त्यांवरचे फोटो मोजत चाललं, तर अर्धी फेरी कधी झाली कळत नाही.

दिवे लावायला निधी मिळाला, दिव्यांचं वीजबिल भरायला मिळाला नाही. बांधकामाला हेड, म्हणजे खर्चाचं शीर्ष असतं, झाडू मारायला नसतं. ३१ मार्चच्या आत पैसा संपवायचा म्हणून सगळी कामं भर उन्हाळ्याच्या तोंडावर होतात. त्यात रोपं लावलीच, तर ती पाहणीच्या दिवसापुरती हिरवी राहतात.

बिनहेडाचं कामही आपल्याकडं झालेलं आहे. १३ जानेवारी २०१८ ला अकोल्यात हजारो लोक मोर्णा नदीच्या पात्रात उतरले आणि त्यांनी काठ साफ केले. तेवढ्यासाठी 'मन की बात'मध्ये अकोल्याचं नाव निघालं. पण पुढं रोजची निगा कोणी ठेवायची, हे कोणत्याच खात्यात बसेना. जलकुंभी तेवढी प्रशासकीय मान्यतेची वाट न बघता दरवर्षी उगवते.

अमरावतीत वडाळी आणि छत्री तलावाकडं लोक पहाटे मातीवरून फिरतात. त्या बाजूच्या जंगलात बिबट्याही फिरतो. इतकी वर्षं विनातक्रार चालणारा तो एकटाच असेल. त्यानं अजून कोणाकडं गट्टूंची मागणी केलेली नाही. मातीवरून फुकटात चालता येतं, यातच तिचा सगळा दोष आला. म्हणूनच चिखलदऱ्यात सिडकोनं थेट दरीवरून ४०७ मीटरचा काचेचा स्कायवॉक हाती घेतला. जमिनीवरच्या पायवाटेचं लोकार्पण करायचं तर रिबीन बांधायला खांब तरी कुठून आणणार?

यावर मी एक योजना लिहून काढली आहे. शासनानं 'काही न करणे' असं नवीन हेड उघडावं. मोकळी जागा मोकळीच ठेवणाऱ्या वॉर्डाला त्यातून अनुदान द्यावं. कंत्राटदारानं वर्षभर तिकडं फिरकू नये, याचा त्याला रीतसर मोबदला मिळावा, टक्केवारीही नेहमीच्या दरानं वाटली जावी, म्हणजे कोणाचं नुकसान नको. मार्चअखेरीस अहवाल जावा: काम ० टक्के, जागा १०० टक्के शिल्लक.

योजना साहेबांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली. मग म्हणाले, "टक्केवारीपरेंत सारं बराबर हाये काकाजी. पन भूमिपूजनाचा नारळ कशावर फोडाचा?"