पहिल्या पानाचे मानकरी

परभणी-जिंतूर रस्त्यावरील बोरीचे शिवार सोयाबीन, कापूस आणि तूर यांचे असले, तरी तलाठ्याच्या पीकपेऱ्यात कधीच न नोंदले जाणारे एक पीक अशा बाजारगावांत आता बारमाही निघू लागले आहे; ते म्हणजे गूगलच्या पहिल्या पानावर झळकण्यासाठीच लिहिलेला मजकूर. हे पीक काढणाऱ्या सामाजिक प्रकाराला सोयीसाठी 'रँकवाले भाऊ' म्हणता येईल. त्यांचा आढळ ऑनलाइन अर्ज आणि झेरॉक्सच्या दुकानात होतो. दिवसा ते पीकविम्याचे अर्ज भरतात आणि रात्री त्याच विम्यावर असे लेख प्रसिद्ध करतात, ज्यांचा आदर्श वाचक माणूस नसून यंत्र असते.

त्यांची पहिली विद्या 'कीवर्ड स्टफिंग', म्हणजे लोक जे शब्द शोधतात तेच मजकुरात कोंबणे. 'लाडकी बहीण हप्ता कधी येणार हे लाडकी बहीण हप्ता शोधणाऱ्या लाडक्या बहिणींनी लाडकी बहीण हप्ता पाहून जाणावे' असे वाक्य त्यांना गद्याचा उत्कर्ष वाटते. कोंबूनही जे शब्द उरतात ते पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत दडवले जातात. इतर लेखक पांढऱ्यावर काळे करतात, भाऊ पांढऱ्यावर पांढरे करतात. दुसरी विद्या 'डोअरवे पेज', म्हणजे एकच मजकूर गावाचे नाव बदलून पुनःपुन्हा छापणे. बोरीतील बियाण्याच्या दुकानासाठी ते जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा आणि परभणी अशा नऊही तालुक्यांची नऊ पाने काढतात, जरी दुकानदार जिंतूरपलीकडे एक पिशवीही पोहोचवत नसला. याच स्वरूपाच्या दोषापायी गूगलने २००६ साली बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ काही काळ यादीतून काढले होते, हे कळल्यावर भाऊंना पश्चात्ताप होत नाही. आपली ऊठबस मोठ्या लोकांत आहे, याचा अभिमान वाटतो.

तिसरी विद्या दुव्यांची. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेल्या पेजरँक पद्धतीत एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा हे जणू एक मत मानले गेले. मत मोजले जाते म्हटल्यावर ते विकतही मिळत असले पाहिजे, हा निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. एकमेकांना दुवे देण्यापुरतीच उभारलेली संकेतस्थळे, म्हणजे 'लिंक फार्म', यातूनच जन्मली. गूगलने एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल करून अशा दुव्यांना वेसण घातली, तेव्हापासून या व्यवसायात त्या निरुपद्रवी पक्ष्याचे नाव बिबट्यासारखे घेतले जाते.

एवढा खटाटोप कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर भाऊंच्या स्वभावापेक्षा त्यांच्या हिशोबात सापडते. सरळ मार्गाने लिहिलेल्या उपयुक्त पानाला वर यायला महिनोन्‌महिने लागतात, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशीच 'भाऊ, आपण वर कधी?' असे विचारते. शेजारचा दुकानदार आडमार्गानेच वर गेला आहे, अशी त्याची खात्री असते. जाहिरातींचे पैसे गूगल शंभर डॉलर साठल्याशिवाय पाठवत नाही, म्हणून वाचकांची गर्दी लवकर हवी असते. शिवाय शिक्षा झालीच तर ती संकेतस्थळाला होते, माणसाला नाही, आणि नवे नाव काही शे रुपयांत मिळते. यावर कळस वाचकाच्या निकडीचा: २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचा दीड हजारांचा हप्ता कोणत्या दिवशी पडेल हे जोवर नेमके ठाऊक नसते, तोवर 'मोठी बातमी! तारीख ठरली' हे शीर्षक उघडले जाते आणि सात जाहिराती ओलांडल्यावर 'तारीख लवकरच जाहीर होईल' हे ज्ञान प्राप्त होते. ढिगाने मजकूर पाडण्याविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केले. त्यावर भाऊंनी त्या नियमांविषयीच ढीगभर लेख पाडले.

मात्र स्वतःच्या आईने हप्त्याची चौकशी केली, की भाऊ आपले संकेतस्थळ उघडत नाहीत. ते तिचे पासबुक घेऊन बँकेच्या रांगेत उभे राहतात, जिथे मागून आलेल्याला मागेच थांबावे लागते. निदान रखवालदाराचे तरी तसे म्हणणे असते.