वेलचीसाठी माफी

प्रति,
श्री. वेलचीसम्राट
(नाव मुद्दाम लिहीत नाही, इथल्या आठवीच्या पोरांना ते पाठ आहे),
मुक्काम : क्रिकेटच्या दोन षटकांच्या मधली जागा.



आपल्या मसालाप्रेमाने आम्ही वणीकर भारावून गेलो आहोत. आमच्या दिंडोरी तालुक्यातली द्राक्षे साता समुद्रापार जातात, हंगामात टोमॅटोच्या क्रेटांनी रस्ते अडतात. पण द्राक्षाचा घड हातात धरून एखाद्या महानायकाने कॅमेऱ्याकडे रोखून पाहिल्याचे ऐकिवात नाही. वेलचीचे भाग्य मात्र थोर. किराणा दुकानात ती सुटी, तोळ्यावर मिळते, खिरीत पडते, चहात पडते आणि तिचा ब्रँड कोणता हे कोणी विचारत नाही. अशा गरीब मसाल्यासाठी आपण हेलिकॉप्टर उडवता, परदेशात चित्रीकरण करता आणि ज्यांच्या तारखा निर्मात्यांना मिळत नाहीत असे नट उभे करता. हा तोट्याचा धंदा इतकी वर्षे चालवणारा दुसरा दानशूर व्यापारी आम्हाला माहीत नाही.

एकच गोष्ट समजत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये अमिताभ बच्चन यांनी अशाच एका जाहिरातीचा करार मोडला आणि पैसे परत केले. ही छुपी जाहिरात ठरते याची कल्पना नव्हती, असे त्यांच्या वतीने सांगण्यात आले. पुढे एप्रिल 2022 मध्ये अक्षय कुमार यांनी आपल्या चाहत्यांची जाहीर माफी मागून दुसऱ्या एका वेलचीशी संबंध तोडला आणि मानधन चांगल्या कामाला देण्याचे ठरवले. (करारातली मुदत संपेपर्यंत जाहिरात दिसत राहू शकते, हेही त्यांनीच सांगितले होते. कराराचा कागद पश्चात्तापापेक्षा टिकाऊ असतो.) आता जिरे, हळद किंवा धने विकल्याबद्दल कोणी महाराष्ट्राची माफी मागितलेली नाही. वेलची विकल्याबद्दल मागावी लागते, याचा अर्थ पडद्यावर दिसते ती वेलची आणि विकले जाते ते काही वेगळे, एवढे तरी या दोन नामांकित साक्षीदारांनी मान्य केले आहे.

ते वेगळे काय, हे टपरीवर विचारायची गरज नाही. महाराष्ट्रात 2012 च्या जुलैपासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे आणि तिचा आदेश दरवर्षी नव्याने निघतो. वणीहून सापुताऱ्याकडे गेले की गुजरात लागतो. तिथेही गुटखाबंदी आहे, तरी सीमेपलीकडून येणारा माल पकडल्याच्या बातम्या नाशिकच्या वाचकांना नव्या नाहीत. जिथे दोन्हीकडे बंदी आहे तिथे माल कुठून कुठे जातो, हे भूगोलाचे कोडे आपल्याकडेच सुटावे. आपण सोडवलेले खरे कोडे मात्र कायद्याचे आहे. सिगारेट व तंबाखूजन्य पदार्थांच्या 2003 च्या कायद्याने तंबाखूची जाहिरात बंद केली, पुढे नियमांनी तंबाखूच्या ब्रँडचे नाव दुसऱ्या मालावर मिरवायलाही मनाई केली. पण कायद्याच्या यादीत पानमसाला येतो तो तंबाखू मिसळलेला. म्हणून मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, दोन्ही एकाच दोरीला टांगलेल्या. मिसळायचे काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर. मसाल्याच्या पुडीवर शून्य टक्के तंबाखू. तीही अडचणीची वाटली तर त्याच नावाची वेलची. मूळ मालाची चोरून विक्री आणि त्याच्या नावाची राजरोस मिरवणूक, अशी ही सोय. शून्य टक्के तंबाखू म्हणजे शून्य टक्के धोका, असेही कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच नुसत्या सुपारीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवले. सुपारीमुळे तोंडाची आतली कातडी ताठरत जाते आणि जबडा उघडेनासा होतो. तोंडात उभी तीन बोटे जातात का, हे डॉक्टर त्यासाठीच पाहतात.

आता पोरांकडे वळू, आणि तुलनेसाठी जरा अमेरिकेत जाऊ. तिथे कोलोरॅडोमध्ये 1 जानेवारी 2014 पासून हौशी वापराच्या गांजाची दुकाने कायदेशीर झाली. तिथेही जाहिराती मुलांपर्यंत पोहोचतात म्हणून ओरड आहे, मोबाइलवर तर फारच. पण तिथल्या नियमकर्त्याच्या हाती एक सोय आहे : विकणारा ‘हा गांजा आहे’ असे म्हणतो. म्हणून ज्या कार्यक्रमाच्या प्रेक्षकांत 21 वर्षांखालचे तीस टक्क्यांहून अधिक नाहीत असा भरवशाचा पुरावा असेल तिथेच जाहिरात करा, असे कोलोरॅडो सांगू शकले; शाळेपासून हजार फुटांच्या आत फलक नको, असे वॉशिंग्टन राज्य म्हणू शकले. आपल्या वेलचीला यातले काहीच लागू होत नाही, कारण वेलची खायला वयाची अट नाही. आमच्याकडे शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे; गावोगावच्या शाळा ‘तंबाखूमुक्त’ म्हणून मिरवतात. ते शंभर यार्ड मोजायला शिक्षक फीत घेऊन फिरतात आणि पोराच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावरच्या मोबाइलमध्ये त्याचा आवडता नट तेच नाव उच्चारतो. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 15 वयाच्या 8.5 टक्के विद्यार्थ्यांनी कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत असल्याचे सांगितले. हे सारे आपल्या वेलचीमुळे, असे मी म्हणत नाही. पण नाव आधी आणि माल नंतर शिकवता येतो, याचा पुरावा जुना आहे. 1991 मध्ये अमेरिकेच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास छापला गेला : कॅमल सिगारेटचा चित्रातला उंट सहा वर्षांची मुले जवळजवळ मिकी माउसइतक्याच सहजतेने ओळखत होती. त्या मुलांना सिगारेट ओढायची नव्हती. ओळख मात्र पक्की झाली होती, आणि जाहिरातदाराला घाई नसते.

आपले उत्तर मला ठाऊक आहे : पोरे जाहिरातीतून नव्हे, घरातून शिकतात. खरे आहे. आमच्याकडे आजोबांचा तंबाखूचा बटवा आणि आजीची मिश्री पोरांच्या देखतच निघते. पण बटव्यावर कोणाचा फोटो नव्हता. घरातला तंबाखू हे म्हातारपणाचे, गरिबीचे लक्षण म्हणून पोराला टाकून द्यावेसे तरी वाटे. नटाच्या हातातली पुडी त्याला मोठे झाल्यावर गाठायची जागा वाटते. बापाच्या सवयीची लाज वाटणाऱ्या पिढीलाही ती सवय नव्या कपड्यात परत विकता येते, हे आपले खरे कर्तृत्व. दुसरे उत्तर : आम्ही नवे गिऱ्हाईक करत नाही, जुन्या खाणाऱ्याने दुसऱ्याची पुडी सोडून आमची घ्यावी एवढेच पाहतो. मग पन्नाशीच्या खाणाऱ्यासाठी हाणामारीचे नट कशाला? शिवाय ज्या धंद्यात जुने गिऱ्हाईक आजाराने गळते, तो धंदा नव्याशिवाय चालतोच कसा, याचा हिशेब शाळेतला पोरगाही मांडील. राहिला सुपारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न. त्याचा कळवळा खरा असेल तर नटाच्या मानधनातला वाटा भावात दाखवा. कोकणात लोक आनंदाने ऐकतील. आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणाल, तर आमची हरकत आपण काही बोलता याला नाही. आपण माल सोडून सगळ्याविषयी बोलता, याला आहे.

म्हणून मागणी लहान आहे. भारताने तंबाखूविषयीचा जागतिक करार 2004 मध्ये मान्य केला, त्यात अशा आडवाटेच्या जाहिरातीही बंद करण्याचे कबूल केले. जून 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी छुप्या जाहिरातीला मनाई केली. नियम कमी नाहीत, पण ते प्रत्येक वेळी मालाच्या मागे धावतात आणि आपण नाव पुढे पळवता. तेव्हा गुटखा, पानमसाला वा तंबाखूच्या पुडीवर जे नाव, तेच नाव वेलचीवर, पाण्यावर, पुरस्कारसोहळ्यावर कुठेच नको, एवढी एक ओळ कायद्यात यावी. आपली वेलची खरोखर चांगली असेल तर ती दुसऱ्या नावानेही खपेल.

हे व्हायला वेळ लागेल, तोवर एक माहिती कळवावी. वेलचीच्या जाहिरातीचा खर्च वेलचीच्या विक्रीशी जुळता असावा, असे जाहिरात मानक परिषदेचेही म्हणणे आहे. तरी गेल्या वर्षी आपण दिंडोरी तालुक्यात वेलची किती किलो विकली, हा आकडा पावत्यांसह उलट टपाली पाठवावा. किलो फार होत असतील तर तोळ्यांत चालेल.

आपला,
एक वणीकर ग्राहक (फक्त सुट्या वेलचीचा)