आधी बैल, मंग गोब्लिन

– काय व बाई, रात्री दीड वाजेपर्यंत तुमच्या घरचा लाइट जळून राहिला होता. आन कोणतरी बोंबलून बी राहिलं होतं, "मार, मार त्याले!" आमचे हे तं काठी घेऊन उठले होते.

– बसवा त्याईले खाली वहिनी, माही पोरगी होती ते. या अशा कुपाटीपाशी, गवार मोडता मोडता सांगतो. दिवाळीले सगळे जमले आहेत ना घरी. त्यात पुण्याहून माह्या बहिणीचा पोरगा आला. त्यानं बॅगीतून फासे काढले, काचेच्या गोट्यावानी रंगीत. चार बाजूंचा, सहाचा, आठचा, दहाचा, बाराचा, आन एक तं वीस बाजूंचा! म्हणे मावशी, डी अँड डी खेळू. डंजन्स अँड ड्रॅगन्स. पोरगी बसली, जावई बसले, सून बसली. माह्या लेकाले मोबाइल सोडवत नाई, म्हणून चौथी मी.

– फासे म्हणजे जुगारच की!

– पैसा कुठी लावतात त्याच्यात? आन फासे इतके वाईट असते तं वेरूळच्या २९ नंबरच्या लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसले असते का? दगडात कोरून ठेवले आहेत ना दोघं.

– बरं, मंग जिंकलं कोण?

– तेच तं, कोणीच जिंकत नाई. सगळे एकाच बाजूनं. एक जण गोष्ट सांगणारा असते, त्याले डीएम म्हणतात. तो म्हणते, तुमी रस्त्यानं चालले, समोर अमकं दिसलं, आता काय करता? आपण सांगाचं. जमलं का फसलं, ते वीसचा फासा सांगते. खडी गंमत पाहिली ना तुमी? नाच्या काय बोलन आन शाहीर त्याले काय उत्तर देईन, कोणी लिहून ठेवते का? तसंच हे, फक्त बसल्या जागी.

– तुमाले काय केलं?

– बुटकी पुजारीण. हसू नका. सहा गुण असतात प्रत्येकाचे: ताकद, चपळाई, दमखम, बुद्धी, शहाणपण, आन समोरच्यावर छाप पाडाची कला. प्रत्येक गुणासाठी सहाचे चार फासे टाकाचे, सगळ्यात लहान आकडा सोडून द्याचा, बाकीच्या तिनाची बेरीज. मंग ते आकडे वाटून द्याचे. पुजारणीले शहाणपण लागते म्हणून भाच्यानं १६ तिकडे लावले, आन बुद्धीले उरले ८. अख्खी नोकरी शाळेत गेली माही, आन बुद्धी आठ! पोरगी म्हणे, आई, तुह्यं बरोबर निघालं.

– पण पुजारीण, राक्षस, मंतर... जादूटोण्याचं तं नाई ना काही? २०१३ पासून कायदा आहे बाप्पा आपल्या राज्यात.

– अमेरिकेतल्या बाया बी अशाच भेल्या होत्या. १९८०च्या पुढं तिकडे लय गवगवा झाला, पोट्टे सैतानाच्या नादी लागले म्हणून. टीव्हीवर बी आलं होतं. आन खेळ काढणारा माणूस कोण, तं गॅरी गायगॅक्स, आधी विमा कंपनीत होता. ते काम गेलं, तं घरी जोडे दुरुस्त करे. त्याले शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळाचा नाद. डेव्ह आर्नेसन म्हणून दुसरा होता, त्याच्या डोक्यात आलं की फौज कायले पाहिजे, एकेकानं एकच माणूस चालवाचा. झालं! १९७४ साली दोघाईनं खेळ काढला, पयले हजारच डबे, तेबी हातानं जुळवलेले. माही जादू म्हणाल तं एवढीच, जखमेवर हात ठेवला की जखम भरते. तेबी दिवसातून दोनदाच. तिसऱ्यांदा कोणी पडला तं देवाच्या भरवशावर.

– आपल्याकडचं काहीच नाई का त्यात?

– हाये ना. २०२२ च्या डी अँड डीच्या एका पुस्तकात मिमी मंडल म्हणून बंगाली लेखिका आहे, तिनं शंखभूमी नावाचा देश उभा केला. म्हटलं, मंग तू कौंडण्यपूरचं लिही रे बापू, रुक्मिणीचं माहेर आहे, वर्धेच्या पल्याड. तं पोट्टा खरंच मनावर घेऊन बसला. मूळ गोष्ट अशी आहे, खेळाच्या २०१४ च्या डब्यातली: गाडीत माल भरून चालले, वाटेत दोन घोडे मरून पडले आहेत, आन झाडीतून गोब्लिन बाण मारतात. गोब्लिन म्हणजे हिरवे, ठेंगणे, चोरटे. यानं मालाचा केला कापूस, गाडीची केली बंडी, रस्ता केला रोहण्याहून पुलगावचा, शकुंतला रेल्वेच्या जुन्या लाइनच्या कडेकडेनं. आन घोड्याचे केले बैल. म्हणे, मावशी, समोर दोन बैल मरून पडले आहेत. काय करता?

– अगं माय! दिवाळीच्या दिवसात?

– म्हटलं, चालत नाई. म्हणे, मावशी, गोष्ट आहे ही. म्हटलं, गोष्ट असली म्हणून काय झालं? रब्बीचं वखरन कायनं करन तो बंडीवाला? नवी जोडी काय भावानं येते, माहीत आहे का तुले? तिघं बी माह्या बाजूनं झाले. शेवटी तो म्हणे, बरं बरं, बैल नाईत, नुसतं जू पडून आहे, दोर तोडलेले. म्हटलं, हे कसं! मंग आधी बैल पाहू, तुहे गोब्लिन मंग पाहू.

– आन त्याच्या पुढच्या गोष्टीचं काय झालं?

– राहिली तशीच. वहीभर लिहून आणलं होतं बिचाऱ्यानं, नकाशा बी काढला होता रंगीत पेन्सिलीनं. कामी काही आलं नाई. मी फासा टाकला, १४ पडले, शहाणपणाचे ३ धरून १७. म्हणे, खुराचे ठसे दिसले, नाल्याकडे गेले. मी इचारलं, डाव्या बैलाचा मागचा पाय लंगडते का? कारण ठसा पाहूनच समजते ना आपल्याले. तो माह्याकडे पाहतच राहिला. म्हणे... हो, लंगडते. वहीत असं काही नव्हतं, माह्या इचारण्यानं तो बैल लंगडा झाला. वाईट वाटलं मले त्या बैलाचं.

– खोट्या बैलाचं!

– आता ऐका खरी गोष्ट. जावई. तुमाले माहीत आहेत आमचे जावई, जेवाले काय पाहिजे इचारलं तं "चालेल". फोन केला तं "हो, ठीक". लग्नाले इतके वर्ष झाले, पण त्याईचा आवाज मले ओळखू येईन का नाई, शंका आहे. ते झाले होते लढवय्ये, तलवार-ढाल घेतलेले. पळसाच्या झाडाखाली गोब्लिनाईनं बैल बांधले होते. आमी म्हटलं, आता हे तलवार काढतात. तं जावई म्हणाले, "थांबा, आधी दात पाहू द्या." बैलाचे दात! आन चार दाती, सहा दाती, असा जो सौदा सुरू केला, काय सांगू. टीपॉयवरचा रुमाल ओढला, त्याच्याखाली भाच्याचा हात धरला, आन बोटं दाबून भाव सांगू लागले, बैलबाजारात दलाल करतात तसं.

– तो तं पुण्याचा, त्याले काय समजणार!

– काहीच नाई! तो आपला "म्हणजे किती, म्हणजे किती?" करून राहिला. पोरगी नवऱ्याकडे अशी पाहून राहिली होती, जसा पाहाले आलेला पोरगा आहे. मंग समजलं, त्याईचा आजा आर्वीच्या बाजारात बैल घे-विक करे आन लहानपणी याईले संग नेई. मले हे या दिवाळीत समजलं, बोला!

– मंग दिले का बैल?

– फासा टाका लागते ना. पडले ३. गोब्लिन चिडले, अंगावर आले. जावई दोन वारात खाली. त्याच्यात बी नियम आहे: जीव शून्यावर आला की दर पाळीले वीसचा फासा टाकाचा. १० किंवा वर तीनदा आले तं जीव तगते, खाली तीनदा आले तं माणूस गेला. पयल्यांदा पडले ७. मंग ४. आता एकदा अजून खाली पडलं तं संपलं. आन मी कुठी, तं नाल्याच्या पल्याड बैल सोडून राहिली होती! एक पाळी म्हणजे सहाच सेकंद, आन मी बुटकी, मले एका पाळीत २५ फूटच धावता येते. भाचा चौकोनी कागदावर घरं मोजून राहिला, पाच, दहा, पंधरा... बरोबर पंचविसाव्या फुटावर जावयाचं डोकं. टेकवला हात. आठचा फासा टाकला, ४ पडले, शहाणपणाचे ३, सात जीव आले. तवाच पोरीनं धनुष्य ओढलं आन ओरडली, "मार, मार!" कोणाले ओरडली कोण जाणे, बाण तं तिच्याच हातात होता.

– आन जावई?

– उठले, चष्मा पुसला, आन मले म्हणतात, "थँक्यू, आई." मंग सकाऊन चहाले परत "चालेल".

– सून काय करून राहिली होती या सगळ्यात?

– हळू बोला. ती चोर झाली होती. म्हणजे खेळातच, तेबी एक काम असते, कुलपं खोलाचं, फंदे शोधाचं. आमी सगळे जावयाच्या उशापायथ्याशी, आन ही भाच्याले चिठ्ठी देऊन राहिली. असं चालते त्याच्यात, आपलं गुपित काम डीएमले चिठ्ठीवर लिहून सांगाचं. मले वाटलं काही मंतरगिंतर असन. आज झाडता झाडता सोफ्याखाली सापडली ती चिठ्ठी. लिहिलं होतं, "मेलेल्या गोब्लिनच्या पिशवीतली नाणी मी काढून घेते. सासूबाईंना कळू देऊ नको."

– अगं बाई! आन सगळ्याईचे पैसे कोणाजवळ ठेवले आहेत?

– तिच्याचजवळ! आमीच दिले, ती हिशेबाची पक्की म्हणून. रविवारी व्हिडिओ कॉलवर पुढचा डाव आहे, तवा झडती घेईन मी. तोवर तुमच्या सुनेपाशी एक शब्द काढू नका वहिनी, दोघी रोज फोनवर असतात.