आधी खेळ, मग विस्तव

आपल्या स्वयंपाकाची सुरुवातच विस्तवापासून होते. कढई तापते, तेलात मोहरी तडतडते आणि त्याच क्षणी घरातल्या लहान मुलाला हुकूम सुटतो, "लांब हो आधी!" पोराच्या वाट्याला फार तर कणकेचा एक गोळा येतो. त्याची पोळी लाटता लाटता दुपार सरते, कणीक काळी पडते आणि ती पोळी आजोबांनी कौतुकानं खायची असते. मी खाल्ल्या आहेत.

भट्टीच्या पदार्थांचं मात्र उलटं. मोजणं, चाळणं, फेसणं, मळणं, वळणं, सगळं गारच. विस्तव येतो अगदी शेवटी, आणि तोही दाराआड. म्हणजे पाच वर्षांच्या माणसावर बहुतेक सगळं काम खुशाल सोपवता येतं. नात सुट्टीत राहायला आली तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. तिच्या आजीच्या लक्षात काय आलं, ते तिनं ओटा पुसताना सांगितलं.

नातीला केक हवा होता. मी नानकटाईवर अडून बसलो, आणि त्याला कारण आहे. मैद्यात दूध-पाणी पडलं की तो जितका घोटावा तितका चिवट होतो, आणि "आता पुरे" हे दोन शब्द पाच वर्षांच्या कानांना ऐकू येत नाहीत. नानकटाईत पाण्याचं नाव नाही. साजूक तूप, पिठीसाखर, मैदा, थोडं बेसन, मूठभर बारीक रवा, चिमूटभर खायचा सोडा आणि वेलदोड्याची पूड. कितीही मळा, पीठ रागावत नाही.

प्रमाण सोपं आहे. तूप एक वाटी, पिठीसाखर एक वाटी, सगळी पिठं मिळून दोन वाट्या, लागलं तर वर थोडं. आजी आतून म्हणाली, "अंदाजानं घाल गं." नातीनं विचारलं, "अंदाज केवढा असतो?" चाळीस वर्षं त्या अंदाजावर जेवलेल्या मलाही उत्तर देता येईना. मग सुरीनं वाटीचं तोंड सपाट करून मोजायचं ठरलं. त्या सपाटीवर तिची अशी काही श्रद्धा बसली, की एक कणही वर राहिला तर वाटी पुन्हा डब्यात रिकामी.

फेसणं हा खरा सोहळा. परातीत थिजलेलं तूप आणि साखर घ्यायची आणि तळहातानं गोल गोल घासत राहायचं. आधी हाताला कचकच लागते, मग ती विरते, पिवळसर तूप पांढरं होत जातं आणि फुलून हलकं होतं. ही हवाच पुढे नानकटाईला खुसखुशीत करते. "आबा, हे ढग झालं," असा निकाल देऊन नातीनं तो ढग चाटला.

आमच्या लहानपणी घरात ओव्हन नव्हता. तूप-साखर-पीठ घेऊन बेकरीत जायचं, भट्टीवाला तिथंच मळून, भाजून द्यायचा आणि पत्र्याचा डबा भरून घरी आणायचा. मला सोबत धाडत ते राखणीला, आपलं तूप दुसऱ्याच्या परातीत जाऊ नये म्हणून. मी डोळे वटारून बसायचो. भट्टीवाला एक गरम बिस्कीट हातावर ठेवायचा आणि पहारा तिथंच संपायचा. नानकटाईचं मूळ सुरतेतल्या डचांच्या बेकरीत आहे असं सांगतात. तेही मी नातीला सांगितलं. तिनं विचारलं, "त्यांची आजी ओरडायची का?" यावर इतिहासकारांनी काही लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

वळताना एकसारखे गोळे करावेत, नाहीतर लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात. पण नातीच्या ताटलीत एक बाबाची होती, एक आईची आणि एक मुंगीची. मुंगीच्या नानकटाईवर पिस्त्याचा काप बसेना, म्हणून अख्खा पिस्ता बसवला. त्याखाली नानकटाई दिसेनाशी झाली.

आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. या वेळात दार उघडायचं नाही, फक्त काचेतून बघायचं. वर भेगा पडू लागल्या की नात किंचाळली, "फुटली!" तिला सांगितलं, भेग पडली तरच ती नानकटाई. बाहेर काढल्यावर ती मऊ लागते, कच्चीच राहिली असं वाटतं. ती कच्ची नसते. तूप आणि साखर गार होताना आवळतात तेव्हा कुठं ती कडक होते. या काळात मोठ्या माणसांनी धीर धरावा. लहानांनी धरल्याचं उदाहरण आमच्या घरात नाही. बाबाची नानकटाई बाबा घरी येण्याआधीच संपली.

करून बघा. उन्हाळ्यात तूप थिजत नाही, तेव्हा ते आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. वितळलेलं घेतलंत तर नानकटाई पसरून पापड होते. आणि मुंगीची असेल तर ती दहा मिनिटांतच बाहेर काढा.